ग्राफिक्स कार्ड विकण्याआधी एसएमपीएस विचारा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारी दिवेलागणीला आमच्या वाड्यावरच्या एक बाई घरी आल्या. हातात मोठे खोके आणि चेहऱ्यावर आनंद. मुलगा बारावीत आहे, त्याला पुढे ॲनिमेशन शिकायचे आहे, म्हणून घरच्या संगणकासाठी त्यांनी ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणारा वेगळा भाग, आणले होते. मला हे बसवता येते असे कोणीतरी त्यांना सांगितले होते. खोक्यासोबत दुकानदाराने एक वीतभर वायर सुटी दिली होती. एका टोकाला आठ पिनांचा काळा कनेक्टर, दुसऱ्या टोकाला चार-चार पिनांचे दोन पांढरे. "तुमच्या संगणकात ह्याची पिन नसेल तर ही लावा, चालू होईल," असे त्याने सांगितले होते. ती वायर पाहिली आणि माझ्या पोटात गोळा आला. तीन वर्षांपूर्वी मलाही अशीच वायर मिळाली होती. तेव्हा माझ्याकडे जे झाले ते दुसऱ्या कोणाच्या घरी होऊ नये म्हणून हे पत्र लिहिते आहे. पत्र लांबले आहे, पण छापताना त्यातले आकडे गाळू नयेत अशी विनंती आहे.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या मये गावात राहते. व्हिडिओ मिक्सिंग हा आमचा घरचा धंदा. यजमान कॅमेरा घेऊन जातात, मी घरी बसून जोडकाम करते. लग्ने, मुंजी असतातच, पण आमचे खरे काम जत्रा-कालोत्सवांतल्या नाटकांचे. गावची हौशी मंडळी दोन-दोन महिने तालमी करून तीन-साडेतीन तासांचे नाटक उभे करतात आणि ते नीट जपून राहावे अशी त्यांची इच्छा असते. दिवाळी झाली की शिमग्यापर्यंत आम्हाला मान वर करायला फुरसत नसते.

आमचा संगणक २०१६ सालचा. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, पुढे वाढवून १६ जीबी केलेली रॅम. वेगळे ग्राफिक्स कार्ड नव्हते, प्रोसेसरच्या पोटातच जो चित्राचा भाग असतो त्यावर भागत होते. दोन कॅमेरे फोर-केचे झाले आणि मग मात्र भागेना. तीन तासांचे नाटक एक्सपोर्टला, म्हणजे जोडलेल्या चित्रीकरणाची अखेरची फाइल तयार करायला, लावून झोपायचे आणि पहाटे उठून पाहावे तर काम अर्ध्यातच. पहिल्या दुकानात विचारले तर, "हा आता भंगारात द्या, लाखभरात नवा करून देतो." मन घेईना. प्रोसेसर चालतो, रॅम चालते, बोर्ड चालतो. अडते ते एकाच जागी, तर सगळे का टाकायचे? माझे तेव्हाचे हे म्हणणे आजही कायम आहे. मदरबोर्डवर पीसीआय एक्सप्रेसचा लांब स्लॉट असला की नवे कार्ड जुन्या बोर्डावरही बसते. कार्ड पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीचे आणि स्लॉट तिसऱ्या पिढीचा असला तरी दोघांचे जमते, वेग थोडा कमी मिळतो इतकेच.

म्हणून दुसऱ्या दुकानात गेले आणि आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीचे कार्ड २७,५०० रुपयांना घेतले. त्या तरुणाने मला बजेट किती ते विचारले, गेम खेळता का ते विचारले. तुमचा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, कोणता, कॅबिनेट केवढा, मॉनिटरला कोणती पिन, यातले एकही विचारले नाही. कार्डाच्या पाठीवर आठ पिनांचे भोक दिसले तेव्हा मीच म्हटले, असली वायर आमच्याकडे नसावी. त्याने गल्ल्याखालून ती जोडवायर काढून दिली. "मॅडम, ही लावली की झालं."

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र आहे ती सांगते. एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला तो चौकोनी डबा, जो घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन आतल्या भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्ट पुरवतो. ग्राफिक्स कार्डाची भूक भागते ती जवळजवळ सगळी १२ व्होल्टच्या लाइनवर. कार्डाला स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्यापुढे लागेल ते वेगळ्या वायरने द्यावे लागते: सहा पिनांच्या कनेक्टरने ७५, आठ पिनांच्या कनेक्टरने १५०. माझे कार्ड १७० वॅटचे. माझ्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत '४५० वॅट' छापलेले होते. मला वाटले, ४५० तून १७० गेले तरी २८० उरतात. पण त्याच स्टिकरवर खाली बारीक अक्षरांत एक तक्ता असतो, तो कोणी वाचत नाही. त्यात १२ व्होल्टच्या खाली १६ अँपिअर लिहिलेले होते. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. कार्डाचे १७० आणि प्रोसेसरचे ६५ मिळूनच २३५ होतात. हार्ड डिस्क, पंखे, बोर्ड वेगळेच. म्हणजे पहिल्या दिवसापासून तो डबा आपल्या ताकदीबाहेरचे ओझे वाहत होता.

शिवाय ती जोडवायर. पांढरे चार पिनांचे कनेक्टर हार्ड डिस्क आणि पंख्यांसारख्या थोडक्या भुकेच्या वस्तूंसाठी असतात. त्यांच्यामागच्या बारीक तारांतून कार्डाचा भार ओढायचा म्हणजे सायकलच्या कॅरिअरवर भाताचे पोते लादायचे. आठ पिनांचा कनेक्टर जोडला म्हणून मागे १५० वॅट तयार होत नाहीत. एसएमपीएसला आठ पिनांची स्वतःची वायरच नाही, याचा बहुतेक वेळा अर्थ हाच की बनवणाऱ्याने तो असल्या कार्डासाठी बनवलेला नाही. साटाच्या, म्हणजे अलीकडच्या हार्ड डिस्कना वीज देणाऱ्या, चपट्या कनेक्टरवरून आठ पिना काढून देणारी वायरही बाजारात मिळते. ती याहून वाईट, कारण साटाच्या एका कनेक्टरची १२ व्होल्टवरची मर्यादाच ५४ वॅट आहे.

कार्ड लावल्यावर आठ-दहा दिवस सगळे सुरळीत चालले. मग एक्सपोर्ट लावला की संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. साधे काम करताना काही नाही, भार आला की बंद. एसएमपीएस कमी पडतो आहे याची ही अगदी ठळक खूण, पण दुकानात फोन केला तर "विंडोज नव्याने टाका" असे सांगितले. तेही केले. पौषातली रात्र होती, साडेअकरा वाजले असतील. एका नाटकाचा दुसरा अंक लावून मी चहा ठेवायला उठले आणि मागे फटाक्यासारखा आवाज झाला. कॅबिनेटच्या मागच्या जाळीतून निळसर ठिणगी दिसली, घरातले दिवे गेले आणि जळक्या मासळीसारखा वास सुटला. सकाळी झाकण काढले तर एसएमपीएस फुटला होता, जोडवायरीचा पांढरा कनेक्टर पिवळा पडून पाघळला होता, एका पिनेभोवती काळे वर्तुळ होते.

कार्ड वाचले, बोर्डही वाचला, पण चित्रीकरण साठवलेली हार्ड डिस्क कायमची बंद पडली. नाटके मेमरी कार्डांवर शिल्लक होती, ती पुन्हा उतरवून घेतली. एका मुंजीची कार्डे मात्र आम्ही पुढच्या कामासाठी पुसली होती. त्या घरी जाऊन मी स्वतः सांगितले. बटूच्या आजी तोवर अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांनी नातवाला भिक्षा घातली ते दृश्य पाहायचे आहे, असे त्या रोज विचारत होत्या. आगाऊ घेतलेले पैसे परत केले. बाकी काय देणार होते मी?

दुकानात गेले तर उत्तर मिळाले, एसएमपीएस आमच्याकडून घेतलेला नाही. बोलणे खरे होते. माझ्याकडे पक्के बिलही नव्हते. जीएसटीचे १८ टक्के वाचतील म्हणून साध्या कागदावरचा आकडा मी मान्य केला होता, ही माझी चूक मी उघड कबूल करते. आता एवढे कळले आहे की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणे हेही त्यातच येते. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का मारला म्हणून सदोष वस्तूची जबाबदारी संपत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पण बिल असेल तर पुढचे सगळे. बिलावर कार्डाचा सिरिअल नंबर लिहून घ्या आणि तो खोक्यावरच्या व कार्डावरच्या नंबराशी जुळतो का ते तिथेच पाहा. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ते चलन मिळवण्यासाठी कार्डांना अखंड गणिते करायला लावायचे मायनिंग थांबले, तेव्हा महिनोन्‌महिने दिवसरात्र राबलेली कितीतरी कार्डे जुन्या बाजारात उतरली. नंबर जुळवण्याचा आळस तेव्हापासून तर अजिबात करू नये.

दिराचा मुलगा फर्मागुडीला इंजिनिअरिंग करतो. तो रविवारी आला आणि म्हणाला, "काकी, मी बसवून देतो, पण पुढच्या वेळी मला फोन करशील. त्यापेक्षा तूच बसव, मी बघतो." त्याचे मी फार मानते. नवा एसएमपीएस त्याने सांगितला तो ५५० वॅटचा घेतला, कार्डाची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचीही शिफारस तेवढीच आहे. त्याच्या १२ व्होल्टच्या खाली ४५ अँपिअर लिहिलेले, म्हणजे ५४० वॅट. साडेचार हजार रुपये पडले. हे साडेचार हजार आधी खर्च करायला कोणी सांगितले असते तर!

जेवणाच्या टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरून कॅबिनेट आडवे ठेवले. प्लग पूर्ण काढला, मग सुरू करायचे बटण दहा सेकंद दाबून धरले, आत साठलेली वीज उतरावी म्हणून. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावला, अंगावरची स्थिर वीज कार्डाला लागू नये म्हणून. आतले दृश्य पाहून मला लाज वाटली. आमच्याकडची लाल धूळ पंख्यांच्या पात्यांवर गेरूसारखी बसली होती. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवायचा हे तेव्हा कळले, मोकळा सोडला तर तो भलत्या वेगाने गरगरतो आणि बिघडतो. कार्ड दोन स्लॉटची जाडी घेते, म्हणून मागच्या दोन पट्ट्या काढायच्या. लांबी होती २४ सेंटिमीटर आणि आमच्या कॅबिनेटमध्ये हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत जागा २३. दुकानदाराच्या तंत्रज्ञाने पहिल्या वेळी ते तिरके दडपून बसवले होते, त्याचा ओरखडा अजून दिसतो. आम्ही पिंजरा काढून डिस्क खाली हलवली. मग कार्ड कडांना धरून, सोनेरी दातांना बोट न लावता, स्लॉटवर सरळ टेकवले आणि दोन्ही अंगठ्यांनी सारखे दाबले. स्लॉटच्या टोकाला नखाएवढा एक खटका असतो. तो 'टक्' असा वाजला की कार्ड बसले. तो आवाज झाल्याशिवाय स्क्रू पिळू नये. एसएमपीएसमधून आठ पिनांच्या दोन प्रकारच्या वायरी येतात. एक प्रोसेसरची, चार अधिक चार अशी फुटणारी; दुसरी कार्डाची, सहा अधिक दोन. दिसायला बहिणी-बहिणी, पण त्यांच्यातली १२ व्होल्ट आणि जमिनीची बाजू उलटसुलट असते. जाईना म्हणून जोर लावला तर घात होतो. ज्यावर 'पीसीआयई' किंवा 'व्हीजीए' छापले आहे तीच कार्डात घालायची.

चालू केले तर पडदा काळाच. माझा जीव खालीवर. पुतण्या शांत. मॉनिटरची वायर सवयीने बोर्डाच्या जुन्या भोकात लावली होती, ती कार्डाला लावायची असते. आमचा जुना मॉनिटर निळ्या, पंधरा भोकांच्या व्हीजीए पिनेचा आणि नव्या कार्डावर फक्त एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट, म्हणून आणखी एक जोडणी आणावी लागली. त्यानंतर ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, तो एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरूनच उतरवायचा. आता तेच तीन तासांचे नाटक जेवणाआधी लावले तर जेवणे आटोपेपर्यंत बाहेर येते.

अर्थिंगची गोष्ट मात्र वेगळी सांगायला हवी. आमच्या कॅबिनेटला ओल्या पायाने हात लावला की मुंग्या यायच्या. वर्षानुवर्षे आम्ही "थोडा करंट मारतो" म्हणून सोडून देत होतो, घराघरांत हेच ऐकते. माझे सासरे लाइनमन म्हणून निवृत्त झाले. एसएमपीएस फुटल्यावर त्यांनी मीटर लावून पाहिला तर पत्र्यावर ११० व्होल्टच्या आसपास. त्यांनी समजावले ते असे: एसएमपीएसच्या तोंडाशी वीज गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांचा मध्य पत्र्याला जोडलेला असतो. अर्थिंग असेल तर तो थोडासा प्रवाह जमिनीत निघून जातो. नसेल तर पत्र्यावर घरच्या विजेच्या जवळजवळ निम्मा दाब उभा राहतो. प्रवाह अगदी कमी, म्हणून माणूस वाचतो, पण त्याच अवस्थेत एचडीएमआयची वायर लावा-काढा केली तर कार्डाचे किंवा टीव्हीचे भोक जाऊ शकते.

परसात खणून पाहिले. सॉकेटला तिसरी पिन होती, तिच्यामागे तारही होती, पण खड्ड्यातली जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी, तार गंजून तुटलेली. आपल्याकडे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, लोखंडाला कोण वाचवणार? आणि तोच जांभा दगड चैत्र-वैशाखात पाण्याचा थेंब धरत नाही, तेव्हा चांगले अर्थिंगही कोरडे पडते. सासऱ्यांनी नवा पाइप घातला, कोळसा-मीठ भरले आणि घरच्या विजेच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घेतला. होळीनंतर पाऊस लागेपर्यंत त्या खड्ड्यात ते आठवड्याला दोन कळश्या पाणी ओततात. मीटरवरचा आकडा आता शून्याजवळ असतो. कार्डावर पंचवीस-तीस हजार घालणाऱ्याने आधी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून हे तपासून घ्यावे. यूपीएसचेही पाहावे, घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो.

दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे. कार्ड विकण्याआधी गिऱ्हाइकाला एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो मागा. मोबाईल प्रत्येकाकडे आहे, दोन मिनिटांचे काम. १२ व्होल्टचे अँपिअर आणि कार्डाचे वॅट बिलावर लिहा. ती जोडवायर देऊच नका. ज्याला नवा एसएमपीएस परवडत नाही त्याला ७५ वॅटच्या आतले, वेगळी वायर न लागणारे कार्ड दाखवा. घरच्या बहुतेक कामांना ते पुरते. आणि आपल्या शाळांत सरकारने कोडिंग आणि रोबोटिक्स आणले आहे, तर त्याच तासाला वर्षातून एकदा तरी एक कॅबिनेट उघडून मुलांना आत हात घालू द्यावा.

शेजारच्या बाईंच्या कॅबिनेटचे झाकण त्याच संध्याकाळी काढले. स्टिकरवर १२ व्होल्टखाली १५ अँपिअर, म्हणजे १८० वॅट. आणलेले कार्ड आरटीएक्स ३०५०, ८ जीबीचे, १३० वॅटचे. त्यात प्रोसेसर ६५ चा. याच ३०५० नावाचे ६ जीबीचे कार्ड २०२४ मध्ये आले आहे, ते ७० वॅटचे असते आणि त्यातल्या बहुतेकांना वेगळी वायर लागत नाही. नाव एक आणि भूक निम्मी, गिऱ्हाइकाला कळणार कसे? खोके फोडलेले नव्हते, बिल पक्के होते. मी दुकानदाराला फोन करून दोन्ही आकडे वाचून दाखवले. तो जरा थांबला, मग म्हणाला, "बरं ताई, बदलून देतो. स्टिकरचा फोटो मला पाठवा." बुधवारी कार्ड बदलून मिळाले. मुलगा रविवारी ते स्वतः बसवणार आहे. त्याआधी शनिवारी सासरे मीटर घेऊन त्यांच्याकडे जाऊन येतील.

आपली नम्र,
एक वाचक, मये, डिचोली
(नाव व पत्ता पत्रासोबत वेगळा दिला आहे, कृपया छापू नये.)